खिळे

इंग्रजी मी सत्तावीस वर्षं उलटं पाहिलं.
कऱ्हाडच्या छापखान्यात, डाव्या हातात स्टिक,
उजव्या हाताला सगळे खण पाठ.
ईचा खण सगळ्यात मोठा, मधोमध;
झेड कोपऱ्यात, धूळ खात.
साखर कारखान्याचे वार्षिक अहवाल,
दंतमंजनाची लेबलं,
वकिलांच्या मुलीची लग्नपत्रिका –
सगळं जुळवलं, खिळा खिळा करून,
एकाही शब्दाशी ओळख न होता.
पोस्टमन कसा, रोज दारोदार जातो
आणि एकाही घरात जेवत नाही.

टी, एच, ई हे त्रिकूट तर ओळीला दोनदा.
मालकांना एकदा विचारलं, हे काय असतं हो?
प्रुफावरून मान न काढता म्हणाले,
काही नसतं. पण गाळू नकोस.

आता हडर्सफील्डला, लेकीकडे.
मंगळवारी लायब्ररीच्या तळघरात
ग्लेनिस बाई शिकवते, बिस्किटं पण तीच आणते.
तिनं फळ्यावर तीच तीन अक्षरं काढली,
सुलटी.
मी क्षणभर ओळखलंच नाही.

अ डॉग म्हणजे कुठलंही कुत्रं, ती म्हणाली.
द डॉग म्हणजे ते –
तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे, ते.

आमच्याकडे नुसतं 'कुत्रं भुंकतंय' म्हटलं की भागतं,
कुणाचं ते गल्लीला ठाऊक असतं –
असं सांगायचं होतं.
सांगितलं फक्त, 'यस मिस.'

मग गो टू द शॉप, गो टू द बँक.
पण गो होम.
होमच्या पुढे काही लागत नाही.
शिलाननं हात वर केला. व्हाय?
बाईनं मार्करला टोपण लावलं, काढलं, परत लावलं.
इट जस्ट डझन्ट.
शिलान सगळं निळ्या शाईनं लिहिते.
तेवढा एक शब्द तिनं पेन्सिलीनं लिहिला.

आमच्या गल्लीत कीथ राहतो.
सकाळी म्हणतो, 'ऑल राइट?'
पहिले दोन महिने मी उत्तर द्यायचो:
गुडघा, बीपी, लेकीची नाइट ड्यूटी.
वाक्य तोंडात जुळवून, ओळ घट्ट बसवून
वर पाहावं, तर कीथ कोपऱ्यावर.
तो प्रश्न नव्हता, हे लेकीनं सांगितलं.
इथे उत्तर म्हणजे तोच प्रश्न परत करायचा,
उसन्या वाटीसारखा. आणि तोही रिकामा.

काल मात्र तो थांबला.
म्हणाला, 'हाऊज टनी?'
मी म्हटलं, 'नो टोनी. रॉंग हाउस.'
तो हसला नाही. वाकून
स्वतःच्या गुडघ्यावर दोन टिचक्या मारल्या.

म्हणजे असं होतं तर.
बाई ज्या 'द'साठी जीभ दातांत धरायला लावते,
तो हा माणूस चक्क गिळतो.
याच्या खणातले एच आणि ई संपलेत,
एकट्या टीवर गल्ली चालवतो!

जिना चढता चढता मध्येच थांबलो.
माय नी नाही. युअर नी नाही. अ नी तर नाहीच.
त्याला माहीत आहे, मलाही माहीत आहे, तो.
या उतारावरच्या काळ्या दगडी घरांमध्ये
माझा एक गुडघा सर्वांच्या ओळखीचा झाला,
बाकीचा मी मागून येईन.

आज मीच आधी थांबलो.
'हाउ इज द डॉग?'
तिन्ही खिळे लावले. एकही गाळला नाही.

कीथ बराच वेळ बोलला.
त्यातलं मला 'ओल्ड' तेवढं कळलं.
ते तो कुत्र्याकडे बघून म्हणाला की माझ्याकडे,
मंगळवारी विचारायला हवं.